नुसतं ‘पाय दुखतात’ म्हणू नका: न्यूरोपॅथीची माझी अडीच वर्षं

मोजा दुमडला गेलाय असं वाटलं म्हणून खाली वाकले, तर पायात मोजाच नव्हता. ही सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट. उजव्या पायाच्या बोटांखाली कापडाची घडी आल्यासारखं वाटत होतं आणि हात लावला तर नुसती कातडी. हसून सोडून दिलं. आठवड्याभरात डाव्या पायालाही तशीच घडी आली, तीही सोडून दिली. वय ५४, बैठं काम, सात वर्षांचा मधुमेह, त्यात गोळ्या नियमित. एवढं सगळं सांभाळल्यावर पायांकडे बघायला सवड कोणाला होती!

मी मुद्रितशोधक आहे. दिवसा काना-मात्रा-वेलांट्यांच्या मागे असताना पायांची तक्रार कानावर यायचीच नाही. रात्री दिवा मालवला की ती सुरू व्हायची. आधी मुंग्या, मग तळव्यांची आग, मग मधूनच अंगठ्यातून एखादी सणक. जानेवारी २०२३ पर्यंत पायांना चादर टेकलेली सोसेना. धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी चादर, पण लागायची काचपेपरासारखी. पाय बाहेर काढून झोपायचं, गार पडले की आत घ्यायचे, आग झाली की पुन्हा बाहेर. रात्रभर हाच उद्योग.

हे न्यूरोपॅथीचं, म्हणजे नसा बिघडल्याचं, दुखणं होतं. कुठल्या क्रमाने काय होतं, कुठे किती थांबावं लागतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे. पुढे औषधांची नावं आणि डोस येतील. ते माझ्या वयाचे, माझ्या किडनीच्या रिपोर्टवर ठरलेले आहेत. उचलून वापरू नका.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, “पाय दुखतात.” एवढंच. त्यांनी कुठे म्हणून विचारलं, मी तळव्यावर बोट ठेवलं. वेदनाशामक गोळी, कॅल्शियम, पंधरा दिवस. काडीचा फरक नाही. पुन्हा गेले तेव्हा एक्स-रे निघाला आणि टाचेच्या हाडाला वाढलेला बारीक काटा दिसला. काहीतरी सापडलं याचा मला चक्क आनंद झाला. मग बुटात घालायच्या सिलिकॉनच्या टाचा आल्या, पोटरी ताणायचे व्यायाम आले, त्यात दोन महिने गेले. खरं तर माझी टाच दुखतच नव्हती, चवडा आणि बोटं जळत होती. पण फिल्मवरचा तो काटा इतका ठसठशीत होता की माझ्या बोटांवरचा माझाच विश्वास उडाला. ज्यांची टाच अजिबात दुखत नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही तो काटा दिसतो, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या डॉक्टरांना कमरेची नस दबल्याचा संशय आला. एमआरआय झाला. त्यात वयाप्रमाणे झालेली झीज निघाली, जी माझ्या वयाच्या बहुतेकांत निघाली असती. या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेली तपासणी हीच, आणि उपयोग शून्य. मी डॉक्टरांना फारसा दोष देत नाही. कमरेच्या नसेचं दुखणं सहसा एका बाजूने, वरून खाली उतरतं. माझं दोन्ही पायांत सारखं, बोटांपासून वर चढणारं होतं. पण हे मी त्यांना सांगितलं होतं कुठे? मी दोन्हीकडे तेच दोन शब्द बोलले होते.

मे महिन्यातल्या एका रात्री, अडीच वाजता, झोप येत नाही म्हणून टेबलाशी बसले आणि दुखण्याला जेवढे शब्द आठवले तेवढे कागदावर उतरवले. ठणका, ठसठस, कळ, रग, सल, ओढ, पेटका, चमक, सणक, आग, भगभग, चटका, टोचणी, मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा. मग नेहमीच्या सवयीने लाल पेनाने एकेक खोडत गेले. ठणका नाही, तो गळवाचा असतो. रग नाही, ती चालून चालून येते. पेटका नाही. उरले आग, टोचणी, मुंग्या, सणक आणि बधिरपणा. पुढे प्रत्येकासमोर लिहिलं: कुठे, किती वाजता, कशाने वाढतं, कशाने थोडं थांबतं. वीस मिनिटांचं काम, पण गेल्या चार महिन्यांत मी केलेली सर्वांत कामाची गोष्ट तीच. नसांच्या दुखण्याचे हेच शब्द असतात. जळणं, करंट बसल्यासारखं होणं, मुंग्या, सुया टोचणं, बधिरपणा, खाज, हे सगळं विचारणारी डीएन४ नावाची एक प्रश्नावलीच डॉक्टर वापरतात. दहापैकी चार गुण आले की दुखणं नसेचं असण्याची शक्यता धरतात. त्यातले काही गुण तपासणीचे असतात, पण बाकीचे आपण काय सांगतो त्यावरच पडतात.

तो कागद बघून नेहमीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत मज्जाविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

तिथली पहिली मोकळी तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. कोणी रद्द केलं तर फोन करा म्हणून नाव लिहून ठेवलं आणि दर सोमवारी स्वतःच फोन करून विचारत राहिले. चौथ्या आठवड्यात जागा मिळाली, १३ जून. फाइलमध्ये वर तो शब्दांचा कागद, खाली साखरेचे सात वर्षांचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, आणि एका पिशवीत सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. औषधांची यादी नव्हे, प्रत्यक्ष पट्ट्याच न्या. का ते पुढे येईल.

तपासणी मला वाटली त्यापेक्षा साधी निघाली. छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं तेव्हा पाय उडाला, घोट्यामागे मारलं तेव्हा ढिम्म. थरथरणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर टेकवून विचारलं, “थरथर कळते?” मला वाटलं तो सुरूच केलेला नाही. मग तोच मनगटावर टेकवला आणि मी दचकले. त्यानंतर डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसर धागा तळपायावर ठिकठिकाणी दाबला. हा धागा बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढा दाब कळत नसेल तर पायाचं संरक्षक कवच गेलं असं धरतात. उजव्या पायाच्या दहापैकी सहा जागी मी “हो” म्हणाले. डाव्या पायाच्या पाच. उरलेल्या जागी मला कोणी हातही लावला नव्हता, अशी माझी खात्री होती.

म्हणजे ज्या पायाला चादरीचा स्पर्श सोसत नव्हता, त्याच पायाला दाबलेला धागा कळत नव्हता. मी हे दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, “दोन्ही खरं आहे. बिघडलेली नस खोटी बातमी देते आणि खरी बातमी गाळते.” आमच्या धंद्यात अशा माणसाला कामावर ठेवत नाहीत.

पायांपासूनच का सुरू होतं, याचं उत्तर त्यांनी अंगठा आणि कंबर यांच्यामधल्या अंतराने दिलं. अंगठ्याची जाणीव नेणाऱ्या नसेची मूळ पेशी पाठीच्या कण्याजवळ असते आणि तिचा तंतू तिथून थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर. एवढ्या लांबवर रसद पोचवायची, तर रसदीत खोट आली की सगळ्यांत दूरचं टोक आधी उपाशी राहतं. म्हणून दोन्ही पायांत एकाच वेळी, मोजा घातल्यासारखं. दुखणं गुडघ्याच्या जवळपास पोचलं की मग हातांची बोटं सुरू होतात. त्या सप्टेंबरातला न घातलेला मोजा आठवून मला शहाराच आला.

रक्ताच्या तपासण्यांची यादी लांब होती, कारण मधुमेह आहे म्हणून दोष मधुमेहाचाच असं धरून चालत नाही. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी), बी१२, थायरॉइड, किडनी, रक्तातल्या प्रथिनांची एक तपासणी. दारू किती, कधी केमोथेरपी झाली का, क्षयाची औषधं घेतली का, घरात आणखी कोणाला असं आहे का, हेही विचारलं. या प्रत्येकाने नसा बिघडू शकतात.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसांतून संदेश कसा जातो याची तपासणी, ४ जुलैला झाली. लोक तिला उगाच घाबरतात. पायावर छोट्या चकत्या चिकटवून करंटचे झटके देतात, चाळीसेक मिनिटं चालतं, चिडचिड होते पण सहन होतं. त्या दिवशी पायाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका, चकत्या नीट चिकटत नाहीत. पाय गार असतील तर संदेश मंदावतो आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा वाईट येतो, म्हणून मला आधी पाय ऊबेत ठेवून बसवलं. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. माझ्या रिपोर्टमध्ये पोटरीच्या मागच्या जाणिवेच्या नसेचा संदेश क्षीण आला. तुमचा नॉर्मल आला तर ‘मनाचे खेळ’ ठरवून घरी येऊ नका. ही तपासणी जाड तंतूंची असते, आग आणि टोचणी नेणारे बारीक तंतू त्यात दिसत नाहीत. त्यासाठी घोट्याच्या वरच्या त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात.

विम्याचा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण चिठ्ठीवर तपासणीचं कारण लिहिलेलं नव्हतं, नुसतं तपासणीचं नाव होतं. चिठ्ठी हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा: तारीख, सही, शिक्का, कारण. मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आणि माझीच चिठ्ठी वाचली नव्हती.

रक्ताचे रिपोर्ट आले. साखरेची सरासरी ८.१, आणि बी१२ १६८. साधारण २००च्या खाली ते कमी धरतात. मी सात वर्षं मेटफॉर्मिन घेत होते. ही गोळी बी१२ नीट शोषू देत नाही, लांब काळ घेणाऱ्यांनी अधूनमधून ते तपासावं असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. माझं एकदाही तपासलं गेलं नव्हतं. आणि आता पट्ट्यांची गोष्ट. पिशवीतून ‘नसांची ताकद’ म्हणून वेगवेगळ्या वेळी दिलेल्या दोन गोळ्या निघाल्या. दोन्हींत बी६ होतं, शिवाय मी स्वतः आणलेल्या तिसरीतही. बी६ खूप जास्त झालं, तर त्याच्यानेही नसा बिघडतात. म्हणजे नसांसाठी घेतलेली गोळी नसांवरच उलटू शकते. नावं वेगळी असल्यामुळे यादीत हे कोणाच्याच लक्षात आलं नसतं. दोन गोळ्या तिथल्या तिथे बंद झाल्या.

बी१२ची इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या वाढल्या. मी घाबरून फोन केला. नस सावरताना काही दिवस असं होतं, डॉक्टर म्हणाले. झालंही तसंच. नसेचा तंतू वाढायचाच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मीटरभर नसेचा हिशेब मी त्याच रात्री करून बघितला आणि कागद फाडून टाकला.

साखर मात्र हळू उतरवायची होती. मला दोन महिन्यांत ८.१ची ६ करून दाखवायची खुमखुमी होती. डॉक्टरांनी थांबवलं. फार दिवस वाढलेली साखर एकदम खूप खाली आणली तर पायांची आग काही महिने उलट भडकू शकते. इन्सुलिन नवं असताना, १९३३ मध्येच, हे एका डॉक्टरने नोंदवून ठेवलंय. तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त घसरण झाली की हा धोका वाढतो. म्हणून डिसेंबरमध्ये ७.४ आणि पुढच्या उन्हाळ्यात ६.९, असं बैलगाडीने गेलो.

आता दुखण्याच्या औषधांकडे. साध्या वेदनाशामक गोळ्या सुजेवर काम करतात. इथे सूज नव्हती, तार खराब होती, म्हणून त्या पंधरा दिवसांत काही झालं नव्हतं. नसेच्या दुखण्यावर जी औषधं देतात ती मुळात नैराश्याची किंवा फिट्सची. चिठ्ठीवर नैराश्याच्या गोळीचं नाव वाचून नवरा गप्प झाला आणि रात्री हळूच म्हणाला, “तुला काही होतंय का? सांग ना.” म्हणून लिहिते: ही औषधं पाठीच्या कण्यातून वर जाणाऱ्या दुखण्याच्या संदेशाचा आवाज कमी करतात. तुम्ही दुखण्याची कल्पना करताय, असा त्याचा अर्थ होत नाही.

पहिलं अमिट्रिप्टिलिन, रात्री १० मिलिग्रॅम. झोप लागली, किती महिन्यांनी! पण सकाळी अकरापर्यंत डोक्यात कापूस आणि तोंड कोरडं ठाक. पंधरा दिवसांत एका पुस्तकाच्या शीर्षकपानावरच लेखकाच्या आडनावाची वेलांटी माझ्या हातून निसटली. छपाईआधी दुसऱ्याच्या नजरेला आली म्हणून वाचले. दुसरं प्रीगॅबालिन. आग चांगली उतरली, पण डोस १५० झाल्यावर घोटे सुजले आणि उठताना भोवळ यायला लागली. तिसरं ड्युलोक्सेटिन. पहिले आठ दिवस मळमळ, पोटात काही असताना घेतलं तर कमी. प्रत्येक वेळी योग्य डोसवर काही आठवडे थांबल्याशिवाय निकाल लागत नाही, म्हणून या तिघांत जुलै ते डिसेंबर गेला. या काळात मला वाटायचं की मी प्रयोगाचा उंदीर आहे. मग वाचलं की या तीन औषधांना एकमेकांशी तोलणारा ब्रिटनमधला मोठा अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि त्यात तिन्ही जवळजवळ सारखीच ठरली. एकाने पुरेसं बरं वाटलं नाही त्यांना दुसऱ्याची जोड दिल्यावर आणखी आराम पडला. म्हणजे कोणाला कुठलं मानवेल हे घेतल्याशिवाय कळत नाही, आणि एक फसलं म्हणून पुढचं फसतंच असंही नाही. माझं गाडं शेवटी ड्युलोक्सेटिन ६० आणि रात्री प्रीगॅबालिन ७५ या जोडीवर थांबलं.

दुखणं शून्य झालं नाही. मी रोज रात्री दहापैकी आकडा लिहायचे. जूनमध्ये सात-आठ असायचे, जानेवारी २०२४ मध्ये तीन-चार. डॉक्टरांच्या लेखी निम्मं दुखणं जाणं म्हणजे औषध उत्तम लागू पडणं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी पहिली दोन औषधं इतक्या रागाने नाकारली नसती.

फेब्रुवारीत एका सलग सुटीत गोळ्या संपल्या. चिठ्ठीची मुदत दोन दिवसांपूर्वी उलटली होती, दुकानदाराने जुन्या चिठ्ठीवर द्यायला नकार दिला (त्याचं बरोबरच होतं) आणि डॉक्टरांचं क्लिनिक बंद. दुसऱ्या दिवशी घाम, चिडचिड, आणि मान वळवली की डोक्यात ट्यूबलाइट चमकल्यासारखं. ही औषधं एकदम तोडायची नसतात, हळूहळू उतरवायची असतात. आता फोनमध्ये चिठ्ठी संपण्याच्या दहा दिवस आधीची आठवण लावलेली आहे.

मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, कॅप्सेसिनचं, क्रीमही करून बघितलं. ते दिवसातून तीन-चार वेळा, कित्येक आठवडे लावावं लागतं. पहिल्या आठवड्यात आग वाढते, मग ती जाणीव नेणारी टोकं थकून गप्प बसतात. मी बाराव्या दिवशी सोडलं. हातमोजा घालून लावायचे, एकदा विसरले आणि डोळा चोळला. त्याहून वेगळं काही सांगायला नको. ज्यांची चिकाटी माझ्यापेक्षा बरी, त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. याचाच कितीतरी तीव्र पॅच दवाखान्यात पायांना अर्धा तास लावतात, तो मी घेतलेला नाही. पायांना थरथरवणारं एक महागडं यंत्र मात्र घेतलं होतं. ते सध्या कपाटावर आहे.

आणि मग टोपणाचं प्रकरण.

एप्रिल २०२४. दुखणं आटोक्यात आलं म्हणून मी खुशीत होते, दिवसभर बाहेर कामं केली, भरपूर चालले. रात्री बूट काढला तर आतून पेनाचं टोपण पडलं. निळं, नेहमीचं. मी सात तास त्यावर चालले होते. करंगळीखाली फोड येऊन फुटला होता आणि मोज्याला रक्त होतं. दुखलं काहीच नव्हतं. मुलीने पाय हातात घेतला आणि रडायला लागली. मी तिला समजावत होते की अगं, दुखत नाहीये. ती म्हणाली, “आई, तेच तर.”

ती जखम भरायला पाच आठवडे लागले. रोज ड्रेसिंग, त्या पायावर भार बंद, दर तीन दिवसांनी दाखवायला जायचं. मधुमेहात अशीच जखम चिघळून बोट, पाऊल जातं. दीड वर्ष मी आगीच्या मागे धावले होते. आग निदान ओरडून सांगते. बधिर भागाकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण तो गप्प होता.

तेव्हापासून बूट घालायच्या आधी उलटा करून आपटते आणि आत हात फिरवते. घरातही अनवाणी चालत नाही. रात्री फोनने दोन्ही तळव्यांचे फोटो काढते, वाकून आरशात बघण्यापेक्षा सोपं पडतं आणि कालच्याशी ताडूनही बघता येतं. मोजे पांढरे, म्हणजे रक्त लगेच दिसतं, आणि उलटे घालते, म्हणजे शिवण बाहेर राहते. क्रीम तळव्याला आणि टाचेला, बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे ओल राहून बुरशी धरते. नखं सरळ कापते. पायांना गरम पिशवी नाही, बर्फ नाही, गरम पाण्यात बुडवणं नाही. आंघोळीचं पाणी कोपराने बघते, पायाच्या साक्षीवर आता विश्वास नाही.

बुटांवर मी बराच वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. संध्याकाळी घ्यायला जायचं, कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात. घरून कागदावर उभं राहून पायाची रेघ काढून, कापून न्यायची. तो कागद बुटाच्या आत सरकवला आणि कडा दुमडल्या, तर बूट अरुंद आहे, दुकानदार काही म्हणो. माझ्या जुन्या पाच जोडांपैकी चारांत कागद दुमडला. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा, उंच चवडा, आत शिवण नाही, तळ सहज न वाकणारा. नवे बूट पहिल्या दिवशी एक तास, मग काढून पाय बघायचे, लाल डाग दिसला तर थांबायचं.

चादरीवरचा उपाय मात्र फुकटात झाला. पुस्तकांचा गठ्ठा आलेला एक खोका दोन बाजूंनी कापून पायांवर कमानीसारखा ठेवला आणि त्यावरून चादर घेतली. पाय आत मोकळे, ऊबही राहते. दवाखान्यात यासाठी धातूची चौकट मिळते. मी अजून खोकाच वापरते, तिसरा आहे.

फिजिओथेरपिस्टकडे गेले ते तोल सांभाळायला. डोळे मिटून तोंड धुताना मी झुकायचे, ते मला भोवळीचं वाटत होतं. पाय जमिनीवर कुठे आहेत ही बातमी नसांकडून येत नसल्यामुळे मी इतके दिवस डोळ्यांनी उभी राहत होते, डोळे मिटले की आधार गेला. आता खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहणं, टाच-बोट जोडून सरळ रेषेत चालणं, रोज दहा मिनिटं. रात्री बाथरूमपर्यंत एक मंद दिवा चालू असतो. चालणं रोज अर्धा तास. पहिली दहा मिनिटं पाय कुरकुरतात, मग विसरतात.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा तो नायलॉनचा धागा. बी१२ आता ६४०. उजव्या पायाला दहापैकी सात, डाव्याला पाच, तेवढेच. डॉक्टरांनी सात म्हटल्यावर मी एवढी हसले की त्यांनी पुन्हा तपासलं. सातच. वाढलं नाही तरी चालेल, कमी होऊ नये, म्हणाले. पुढची तारीख सहा महिन्यांनी. शब्दांचा कागद अजून फाइलमध्ये वरच आहे, त्यातली ‘सणक’ मी खोडली आहे.

बोटांखाली घडी आल्यासारखं मात्र अजून वाटतं. दर वेळी मी थांबते, बसते, बूट काढते, मोजा काढून बघते. चारांत एकदा तो खरंच दुमडलेला असतो.